थर्मोस्टॅटांचा बारभाई कारभार

घराचे भाग पाडायचे आणि ज्या भागाला जे तापमान हवं ते द्यायचं, ही झोनिंगची कल्पना ऐकायला इतकी सोपी आहे की त्यात काही अडचण असेल असं वाटतच नाही. आमच्या घरात तीन झोन आहेत. तळमजल्याचा एक, वरच्या निजायच्या खोल्यांचा दुसरा आणि वरच्याच मजल्यावर कोपऱ्यातल्या माझ्या कामाच्या खोलीचा तिसरा. तिघांना तीन स्मार्ट थर्मोस्टॅट. तळघरात मात्र हवा तापवणारी एकच भट्टी, म्हणजे फर्नेस, तिच्या डोक्यावर हवा गार करणारी एसीची एकच कॉइल आणि दोघींत मिळून हवा ढकलणारा एकच ब्लोअर. खरी गोम इथे आहे, आणि थर्मोस्टॅटच्या खोक्यावर ती कुठेही छापलेली नसते.

भिंतीवरचे थर्मोस्टॅट दिसायला देखणे आहेत. जवळ गेलं की उजळतात, बाहेरचं हवामान सांगतात, ऊर्जा वाचवली की शाबासकी देतात. पाहुणे हमखास त्यांच्यापाशी थबकतात. घराचा कारभार चालतो तो तळघरातल्या एका करड्या पेटीतून, आणि ती बघायला कोणी जिना उतरत नाही. तिला स्क्रीन नाही, ॲप नाही, वायफाय नाही. झाकण काढलं की आत सर्किट बोर्ड, वायरींच्या जुड्या आणि टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे-पिवळे दिवे. हे झोन पॅनेल. थर्मोस्टॅट त्याला वरून निरोप पाठवतात, आणि डक्टमधल्या (घरभर हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळांतल्या) कुठल्या झडपा, म्हणजे डॅम्पर, उघडायच्या, कुठल्या मिटायच्या, मशीन सुरू करायचं की थांबवायचं, हे पॅनेल ठरवतं.

निरोप तरी केवढासा! एका वायरीत २४ व्होल्टचा प्रवाह सोडला की झाला निरोप. डब्ल्यू वायर म्हणजे ऊब हवी, वाय म्हणजे गारवा हवा, जी म्हणजे नुसता पंखा. खोलीत कोण बसलंय, पारा किती घसरलाय, उद्या ऊन पडणार की पाऊस, यातलं काहीही त्या तांब्याच्या तारेतून जात नाही. थर्मोस्टॅटने कुठल्याशा दूरच्या सर्व्हरवर रात्रभर गणितं सोडवली तरी तळघरात पोचतं ते 'हवं' किंवा 'नको'. (काही कंपन्यांचे थर्मोस्टॅट, पॅनेल आणि मशीन आपसांत सविस्तर बोलतात, पण तिथे सगळा संच त्यांचाच लागतो. बाहेरून आणलेल्या स्मार्ट थर्मोस्टॅटला त्या गप्पांत जागा नसते.)

थर्मोस्टॅटने सुरुवात केली तीच निरोप्या म्हणून. वॉरन जॉन्सन हे अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेत, शिकवत. हिवाळ्यात तिथला शिपाई अधूनमधून वर्गात यायचा, तापमान बघायचा आणि तळघरात जाऊन डॅम्पर मागेपुढे करायचा. शिकवण्यात येणारा हा व्यत्यय टाळायला जॉन्सननी विजेवर चालणारं एक उपकरण तयार केलं. वर्गाचं तापमान बदललं की तळघरात घंटा वाजायची आणि खालचा माणूस काय ते समजायचा. १८८३ साली त्याचं पेटंट मिळालं, १८८५ साली कंपनी उभी राहिली, आणि १८९५ साली दाबलेल्या हवेच्या जोरावर खोलीखोलीचं तापमान वेगळं राखणाऱ्या यंत्रणेचं पेटंटही जॉन्सननी घेतलं. तेव्हा झोनिंग हे काही या शतकातलं खूळ नव्हे. मला या गोष्टीत जॉन्सनपेक्षा तो शिपाई मोलाचा वाटतो. तो सगळ्या वर्गांतून हिंडायचा. एकाचा डॅम्पर उघडला तर शेजारच्या वर्गाला किती कमी पडेल, याचा काहीतरी अदमास त्याला असणारच. घंटेला तो नव्हता, आणि माझ्या भिंतीवरच्या तबकड्यांनाही नाही.

ॲपमध्ये तिन्ही थर्मोस्टॅट एकाखाली एक दिसतात, त्यामुळे ते एकमेकांशी बोलत असतील असं वाटतं. आमच्याकडचे तरी बोलत नाहीत. तळघरातलं मशीन आपल्या एकट्यासाठी बसवलंय, अशीच प्रत्येकाची समजूत.

याचा पहिला फटका बसतो सगळ्यात लहान झोनला, म्हणजे मला. आमचा एसी तीन टनांचा. दर टनामागे मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा कॉइलवरून गेली पाहिजे, हा या धंद्यातला ठोकताळा. म्हणजे तीन टनांना १२०० घनफूट. माझ्या खोलीचा डक्ट त्यातली फार तर दीडशे घनफूट सुखासुखी वाहून नेईल. दुपारी बाकीचे दोन झोन तृप्त असतात, पश्चिमेचं ऊन फक्त माझ्या खिडकीवर असतं, आणि माझा थर्मोस्टॅट एकटाच गारवा मागतो. पॅनेल इमानेइतबारे बाकीचे डॅम्पर मिटतं. बाराशेची हवा दीडशेच्या बोळात शिरू बघते. आधी छताजवळच्या डक्टचा पत्रा 'ढुप्प' असा फुगतो, मग जाळी शीळ घालायला लागते, मग टेबलावरचे कागद उठतात. थोड्याच वेळात खोली गार, थर्मोस्टॅट 'नको' म्हणतो, मशीन बंद. काचेतून ऊन येतच असतं, त्यामुळे थोड्या वेळाने पुन्हा 'हवं'.

हे असं सारखं चालू-बंद होणं म्हणजे शॉर्ट सायकलिंग. कॉम्प्रेसरला सगळ्यात जास्त ताण पडतो तो सुरू होताना, त्यामुळे त्याचं आयुष्य यात झिजतं. शिवाय हवेतला दमटपणा निघत नाही. कॉइल नीट गार व्हायला, तिच्यावर पाणी धरायला आणि ते निथळून जायला मशीन काही वेळ सलग चालावं लागतं. ते दोन-चार मिनिटांत थांबलं तर कॉइलवरचं पाणी तिथेच राहतं, आणि पंखा चालू असला तर परत हवेत मिसळतं. खोली गार, पण चिकट. याउलट माझी खोली लवकर गार झालीच नाही, तर निराळंच संकट: कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, ती गोठणबिंदूच्या खाली जाते, तिच्यावर बर्फ धरतो आणि बर्फाने हवा आणखी अडते. हिवाळ्यात हाच घोळ उलट्या बाजूने होतो. फर्नेसमधली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही, आतला पारा चढतो आणि लिमिट स्विच बर्नर बंद पाडतो. हा स्विच सुरक्षेसाठी असतो. त्याला रोजच्या कामाला जुंपायचं नसतं.

जादा हवेची सोय म्हणून बायपास लावायची पद्धत आहे. दाब चढला की एक डॅम्पर उघडतो आणि नको असलेली हवा परतीच्या डक्टमध्ये, म्हणजे मशीनच्याच तोंडात, सोडतो. जाळीची शीळ थांबते. पण आधीच गार झालेली हवा पुन्हा कॉइलवर आली की ती आणखी गार होते आणि बर्फाची तारीख अलीकडे येते. आमच्याकडे येणारा मेकॅनिक या बायपासवर खार खाऊन आहे. त्याने तो जवळजवळ मिटवून टाकला आणि त्याऐवजी तळमजल्याचा डॅम्पर कधीच पूर्ण मिटणार नाही असा अडवून ठेवला. माझ्या खोलीसाठी मशीन चालतं तेव्हा थोडी हवा खाली झिरपते; तळमजला मोठा, त्याला त्याचं काही वाटत नाही. मग त्याने मशीनमधून निघणाऱ्या हवेच्या वाटेवर एक तापमानाचा सेन्सर लावला. हवा ठराविक अंशांच्या खाली गेली की पॅनेल कॉम्प्रेसर थांबवतं आणि पंखा चालू ठेवतं. हा सेन्सर म्हणजे अंगठ्याएवढी पितळी कांडी. आमच्या घरात सगळ्यात जास्त अक्कल कुठे असेल तर ती या कांडीत आहे, असं माझं मत होत चाललंय. (नवरा सहमत नाही. तिन्ही थर्मोस्टॅट त्याने निवडून आणलेले आहेत.)

ऋतू बदलतानाचे दिवस तर विचारूच नका. पहाटे तळमजला थंडगार, सासूबाई खाली बसलेल्या, त्यांना ऊब हवी. अकरा वाजेपर्यंत वरच्या खोल्या उन्हाने तापतात, लेकीला गारवा हवा. दोन्ही थर्मोस्टॅट 'ऑटो'वर ठेवले तर एकाच वेळी एक निरोप डब्ल्यूचा आणि एक वायचा. मशीन एका वेळी एकच काम करू शकतं. मग आमचं पॅनेल ज्याचा निरोप आधी आला त्याचं ऐकतं. दुसऱ्याचा निरोप तसाच राहिला तर साधारण वीस मिनिटांनी पहिल्याला थांबवतं, डक्टमधली उरलीसुरली हवा काढून टाकतं आणि मग बाजू बदलतं. मी तळघरात बसून हे ऐकलंय. बर्नर विझतो, ब्लोअर थोडा वेळ घरघरत राहतो, मग डॅम्परच्या मोटरी बारीक कण्हत फिरतात, 'खट्' करून थांबतात, आणि बाहेर कॉम्प्रेसर सुरू होतो. ज्या हवेत जरा वेळापूर्वी इंधन जाळून ऊब भरली तीच उपसायला आता वीज खर्चायची. वर दोन्ही थर्मोस्टॅट मात्र आपापल्या जागी खूश, कारण प्रत्येकाच्या हिशेबात खर्च फक्त स्वतःचा.

यावर मी काढलेला तोडगा अगदी जुन्या पद्धतीचा आहे. 'ऑटो' बंद. ऋतू कुठला चालू आहे ते माणसांनी ठरवायचं आणि तिन्ही थर्मोस्टॅट एकाच बाजूला ठेवायचे. मधल्या दिवसांत वर खिडकी उघडायची, खाली शाल घ्यायची. लेकीने आधी कुरकुर केली, मग तिलाच खिडकी आवडायला लागली.

जिन्याचं गणितही असंच नकाशावर न दिसणारं. पॅनेलच्या लेखी वरचा झोन वेगळा, खालचा वेगळा. हवेच्या लेखी मधे दार नसलेला जिना आहे. उन्हाळ्यात वर २३ अंश आणि खाली २७ ठेवून बघा. वरची गार, जड हवा पायऱ्यांवरून खाली ओघळते. खालचा थर्मोस्टॅट कधी काही मागतच नाही आणि वरच्याचं मागणं कधी संपत नाही. ॲप सांगतं की तळमजला फार काटकसरी आणि वरचा मजला उधळ्या. हिवाळ्यात भूमिका बदलतात, खालची ऊब वर जाते आणि वरचा मजला फुकटात पुण्यवान ठरतो. या आलेखांवरून कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही, हे पटवायला मला घरात बराच वाद घालावा लागला. दोन झोनमध्ये दोन अंशांपेक्षा जास्त फरक ठेवायचा नाही, यावर शेवटी तह झाला. ज्यांच्या जिन्याला दार आहे त्यांना जास्त फरक परवडेल.

आता त्या गाजलेल्या 'शिकण्या'बद्दल. २०११ साली नेस्टचा थर्मोस्टॅट आला तेव्हापासून थर्मोस्टॅटने घराची सवय ओळखावी, आपलं वेळापत्रक आपण लावावं, ही अपेक्षा रुळली. कल्पना वाईट नव्हती. त्याआधीचे प्रोग्रॅम करायचे थर्मोस्टॅट लोकांनी विकत घेतले, पण नीट लावले नाहीत. इतके की अमेरिकेच्या एनर्जी स्टार योजनेने २००९ च्या अखेरीस त्यांना आपला शिक्का देणं थांबवलं. पुढे स्मार्ट थर्मोस्टॅटना तो मिळाला, आणि हीटिंग-कूलिंगच्या बिलात सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास बचत होते असा त्या योजनेचा अंदाज आहे. तो आकडा मी नाकारत नाही. पण शिकायला परिस्थिती स्थिर लागते. खोली एक अंश गरम करायला किती वेळ लागतो, हे थर्मोस्टॅट मोजतो आणि त्यावरून सकाळी किती वाजता सुरुवात करायची ते ठरवतो. एका झोनच्या घरात हे जमतं. आमच्याकडे निजायच्या खोल्या एकट्या मागतात तेव्हा झपाट्याने तापतात. तळमजला त्याच वेळी जागा झाला तर हवा वाटली जाते आणि तेवढ्याच कामाला दुप्पट वेळ लागतो. थर्मोस्टॅट हा फरक बाहेरच्या थंडीवर ढकलतो, कारण शेजारचा झोन असतो हे त्याला माहीतच नाही. मग त्याची भाकितं आज एक, उद्या भलतंच.

घरात कोणी नाही हे ओळखण्याचंही तेच. मी दिवसभर वर काम करते. खालच्या थर्मोस्टॅटसमोरून तासन्‌तास कोणी जात नाही, सासूबाई त्याच्या नजरेआडच्या खुर्चीत असतात, आणि तो 'घर रिकामं' असा निष्कर्ष काढून पारा खाली आणतो. शिकणं, ओळखणं, दोन्ही मी बंद केलं. वेळापत्रक हाताने लावलं, तेही असं की तिन्ही झोन सकाळी एकाच वेळी उठतील. एकेकाने वेगवेगळ्या वेळी मशीन जागं करण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून मागितलं तर हवेला वाट मोठी मिळते, मशीन सलग चालतं, आणि माझ्या खोलीतले कागद जागेवर राहतात.

अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं की दिवसातले आठ तास सेटपॉइंट, म्हणजे थर्मोस्टॅटवर लावलेलं तापमान, ७ ते १० फॅरनहाइट अंशांनी, म्हणजे ४ ते साडेपाच सेल्सियसने मागे घेतला तर हीटिंग-कूलिंगच्या खर्चात वर्षाकाठी १० टक्क्यांपर्यंत बचत होते. झोनच्या घरात यातली बरीचशी बचत सगळे झोन एकत्र मागे घेतले तरच पदरात पडते. एकटी निजायची खोली गार ठेवली तर चहूबाजूंच्या भिंतींतून बाकीचं घर तिला तापवतच राहतं.

सी वायरीबद्दल, म्हणजे थर्मोस्टॅटला स्वतःची वीज सतत मिळावी म्हणून लागणाऱ्या जादा वायरीबद्दल, एवढंच सांगते, की ती ओढून घ्या. ती नसेल तर काही स्मार्ट थर्मोस्टॅट स्वतःला लागणारी वीज डब्ल्यू किंवा वायच्या वायरीतून थेंबथेंब चोरतात. जुनी साधी रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, हे खपवून घेते, पण काही झोन पॅनेल इतकी हळवी असतात की त्या थेंबालाच निरोप समजतात. मग कोणी न मागता डॅम्पर उघडतात आणि घरच्यांना भुताटकीचा संशय येतो.

वेगळ्या खोलीत ठेवायचे वायरलेस सेन्सर म्हणजे झोनिंग असाही एक गोड गैरसमज आहे. सेन्सर फक्त विचारपूस कुठे करायची ते बदलतो. डक्टमध्ये डॅम्पर नसेल तर हवा जाते तिथेच जाते.

पण एवढं सगळं जमवूनही घरात एकमत होत नाही, आणि ते होणारही नाही. डेन्मार्कच्या ओले फांगर यांनी माणसांना नियंत्रित खोल्यांत बसवून त्यांना कधी बरं वाटतं याचं सूत्र मांडलं; १९७० चं त्यांचं काम आजही खोलीतल्या आरामाच्या मानकांचा पाया आहे. त्यात हवेचं तापमान हा सहांपैकी एक घटक. बाकीचे म्हणजे भोवतालच्या पृष्ठभागांची ऊब, वाऱ्याचा वेग, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि माणूस काय करतोय ते. आणि या सूत्राप्रमाणे परिस्थिती अगदी आदर्श असली तरी निदान ५ टक्के लोक नाराज राहतातच. भिंतीवरचा थर्मोस्टॅट मुख्यतः हवा मोजतो, तीही तो टांगलाय तिथली. सासूबाई थंड काचेशेजारी बसतात. त्यांचं अंग त्या काचेला ऊब देत असतं. २२ अंश असूनही त्यांना थंडी वाजते, आणि ती खरी असते. एक जाड पडदा आणि खुर्ची हातभर आत, यानं जे झालं ते कुठल्याही ॲपनं झालं नव्हतं.

तरी त्या मधूनच म्हणतातच, "अगं, तीसवर ठेव गं जरा, म्हणजे लवकर तापेल." फर्नेसला २२ काय आणि ३० काय, तापायचा वेग एकच, फक्त थांबायची जागा लांब जाते. पण हा समज फार सार्वत्रिक आहे. विलेट केम्पटन या अमेरिकी संशोधकांनी १९८६ साली घरोघरच्या मुलाखतींवरून दाखवलं की थर्मोस्टॅट नळासारखा चालतो, जास्त फिरवला की जास्त उष्णता येते, असं मानणारे लोक बरेच असतात, आणि त्या समजुतीवर त्यांची घरं व्यवस्थित चालतात. सासूबाईंच्या बाबतीत एक गंमत आहे. दोन टप्प्यांची फर्नेस असलेल्या काही घरांत सेटपॉइंट खूप वर नेला तर थर्मोस्टॅट खरोखरच दुसरा, मोठा टप्पा लवकर पेटवतो. तिथे त्यांचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता मशीन थकलंय. पुढचं घ्यायचं तर कमी-जास्त क्षमतेवर चालणारं, ज्याला माझ्या एका खोलीची मागणी बेताच्या हवेत भागवता येईल असं. आणि पॅनेलही त्याच्याशी बोलू शकणारं हवं, नाहीतर मशीन कितीही जुळवून घेणारं असलं तरी त्याला निरोप परत 'हवं-नको'चाच मिळायचा. मागच्या आठवड्यात एक विक्रेता येऊन गेला. आल्या आल्या त्याने नव्या थर्मोस्टॅटचं चित्र दाखवलं, नवरा लगेच पुढे सरकला. मी दोघांना तळघरात नेलं, डक्ट दाखवले आणि विचारलं की सगळ्यात कमी वेगाला तुमचा ब्लोअर मिनिटाला किती घनफूट हवा सोडतो. त्याने माहितीपत्रक पुढून मागून चाळलं. आकडा काही सापडेना. उद्या कळवतो म्हणाला.